लघवीची जळजळ आणि हृदय?

‘सासूबाईंना लघवीची जळजळ होती, थंडी वाजून ताप आला. दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर म्हणतात, हृदय दुबळं झालंय! त्यांना तर हृदयविकार कधीच नव्हता.’ अशा वेळी घरची बाई गोंधळून जाते. पण मैत्रिणींनो, असं खरंच होतं. या अवस्थेला डॉक्टर ‘सेप्सिस’ म्हणतात.

यात नुसते जंतूच नव्हे, तर आपल्याच शरीराचा प्रतिकार घात करतो. उंदरामागे काठी घेऊन धावावं अन् फळीवरच्या कपबश्या फुटाव्यात, तशातली गत! जंतू शिरले की पांढऱ्या पेशी ‘सायटोकाइन’ नावाची रसायनं सोडतात. ती बेताची असली की ताप येतो, सूज येते, जंतू मरतात. ती आवरेनाशी झाली, की अंगभर रक्तवाहिन्या सैलावतात, पाझरू लागतात आणि रक्तदाब उतरतो. हृदयाच्या स्नायूलाही त्यांचा मारा बसतो. तिथल्या पेशींना शक्ती पुरत नाही, आकुंचनासाठी लागणाऱ्या कॅल्शियमची ने-आण बिघडते. नाडी धावत असते, पण ठोक्यात जोर नसतो.

अमेरिकेतल्या डॉ. पार्कर, डॉ. पॅरिलो व सहकाऱ्यांनी १९८४ साली अशा २० रोग्यांची हृदयं तपासली. जे वाचले, त्यांतल्या बहुतेकांच्या हृदयाचा डावा कप्पा फुगून दुबळा झाला होता, आणि ७ ते १० दिवसांत तो पूर्ववत झाला! हार्ट अटॅकमध्ये स्नायूचा तुकडा मरतो. इथे बहुतेक पेशी मरत नाहीत, दमून बसतात. पुढच्याच वर्षी त्यांनी अशा रोग्यांच्या रक्तातलं सीरम उंदराच्या धडधडत्या हृदयपेशींवर घातलं, तर त्यांचंही आकुंचन मंदावलं. म्हणजे दोष रक्तातून येतो, हे दिसलं.

पण हृदय सावरायला माणूस आधी वाचायला हवा ना! आणि आपण बायका दुखणं अंगावर काढण्यात पटाईत. लघवीची जळजळ, मधुमेहातली पायाची जखम, बाळंतपणानंतरचा ताप किंवा अंगावरून घाण वास येणारं जाणं, यांतलं काहीही चार दिवस ढकलू नका. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्याही घेऊ नका.

म्हाताऱ्या माणसांत तर कधी ताप येतच नाही, उलट अंग गार पडतं. श्वास भराभर चालणं (स्वस्थ बसूनही मिनिटाला २२ किंवा जास्त), असंबद्ध बोलणं, गुंगी, दिवसभरात लघवी जवळजवळ न होणं, हातपाय गार व डागाळलेले दिसणं, यांतलं काही दिसलं तर रात्र असली तरी मोठ्या दवाखान्यात न्या. रक्तदाब कोसळला असेल तर पहिल्या तासात सुरू झालेल्या औषधाला फार मोल असतं. निघताना चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका, आणि ताप केव्हापासून, शेवटची लघवी केव्हा झाली, ते कागदावर लिहून घ्या.