ब्रेस्ट पंप घ्यावा का, आणि कधी?

बाळंतपणाआधीच पंप घेण्याची घाई करू नका. बाळापासून तुम्ही कधी आणि किती वेळ दूर राहणार, यावर त्याची गरज ठरते.

2017च्या दुरुस्तीने दहा किंवा अधिक कामगारांच्या ठिकाणी पगारी प्रसूती रजा दोन मुलांपर्यंत 26 आठवडे झाली. त्यातले 8 आठवडे आधीच घेतले, तर बाळंतपणानंतर 18 उरतात. बाळाला मात्र सहा महिने फक्त आईचेच दूध हवे. तुमचे असे होणार असेल, तर कामावर जाण्याच्या दोन-तीन आठवडे आधी पंप घ्या. लोडशेडिंग असेल तिथे हाताने चालणारा बरा.

साखरखेर्ड्यात रोजाने शेतात जाणाऱ्या आईला ही रजाच नसते. तिने हाताने दूध काढायला आशाताई किंवा नर्सकडून शिकावे. त्याला खर्च नाही.

काढलेले दूध 25 अंशांपर्यंत चार तास टिकते. बुलढाण्याच्या उन्हाळ्यात ते लगेच फ्रिजमध्ये ठेवा किंवा लवकर पाजा, तेही बाटलीऐवजी वाटी-चमच्याने.

बाळ काचेच्या पेटीत असेल, तर मात्र थांबू नका. पहिल्या काही तासांतच नर्सच्या मदतीने चीक काढायला सुरुवात करा.