सोमनाथ भारती : कायदेमंत्र्याच्या कारकीर्दीतील कायदा

नवी दिल्ली – दिल्ली विधानसभेच्या फेब्रुवारी २०२५ मधील निवडणुकीत मालवीय नगर मतदारसंघातून आम आदमी पक्षाचे सोमनाथ भारती भारतीय जनता पक्षाच्या सतीश उपाध्याय यांच्याकडून २,१३१ मतांनी पराभूत झाले. तत्पूर्वी २०१३, २०१५ आणि २०२० अशा तीन निवडणुकांत याच मतदारसंघाने त्यांना निवडून दिले होते. व्यवसायाने वकील आणि काही काळ दिल्लीचे कायदेमंत्री असलेल्या या नेत्याच्या कारकीर्दीवर कायद्याशी झालेल्या संघर्षांचीच छाया अधिक पडली.

मूळचे बिहारमधील असलेले भारती यांनी दिल्लीच्या आयआयटीतून विज्ञानाची पदव्युत्तर पदवी घेतली आणि पुढे वकिली पत्करली. डिसेंबर २०१३ मध्ये अरविंद केजरीवाल यांच्या पहिल्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे कायदा खाते आले.

खिडकीतील ती रात्र

मंत्रिपदाला महिनाही झाला नव्हता, तोच जानेवारी २०१४ मध्ये मध्यरात्रीच्या सुमारास भारती समर्थकांसह दक्षिण दिल्लीतील खिडकी एक्स्टेंशन या वस्तीत पोहोचले. तेथे अमली पदार्थांचा व्यापार आणि देहविक्रय चालतो, पोलीस मात्र दुर्लक्ष करतात, अशी रहिवाशांची तक्रार होती. भारती यांनी पोलिसांना एका घरावर तत्काळ छापा घालण्यास सांगितले. वॉरंटाविना तसे करण्यास पोलिसांनी नकार दिला. जमावाने आपल्याला अडवून गैरवर्तन केल्याचा आरोप तेथील आफ्रिकी महिलांनी केला. भारती यांनी आरोप फेटाळले. न्यायालयाच्या आदेशानंतर गुन्हा नोंदविण्यात आला.

या घटनेस एक घटनात्मक पार्श्वभूमी आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २३९ अअ नुसार दिल्लीतील पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे विषय केंद्राच्या अखत्यारीत येतात. मतदारांनी गाऱ्हाणे ज्यांच्याकडे न्यायचे, त्या मंत्र्यांच्या हाती पोलीस नाहीत, ही अडचण खरी होती. याच प्रश्नावर मुख्यमंत्री केजरीवाल यांनी रेल भवनाजवळ दोन दिवस धरणे धरले. तथापि, अधिकार नसणे म्हणजे कार्यपद्धती मोडण्याची मुभा नव्हे. सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करण्यावर कायद्याने कडक निर्बंध घातले आहेत आणि ते एका वकिलास ठाऊक असणे अपेक्षित होते.

शिक्षा आणि आमदारकी

पुढे २०१५ मध्ये पत्नीने केलेल्या कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारीवरून, सर्वोच्च न्यायालयाने शरण येण्यास सांगितल्यावर, भारती यांना अटक झाली आणि नंतर जामीन मिळाला. कालांतराने उभयतांत समेट झाला. त्याच वर्षी त्याच खात्याचे मंत्री जितेंद्रसिंह तोमर यांना बनावट पदवीच्या आरोपावरून अटक होऊन पद सोडावे लागले. त्यामुळे पक्षाच्या निवडपद्धतीवरही प्रश्नचिन्ह उमटले.

भारती यांच्यासाठी सर्वांत गंभीर ठरले ते एम्स रुग्णालयाचे प्रकरण. सप्टेंबर २०१६ मध्ये जमावासह रुग्णालयाचे कुंपण पाडणे आणि सुरक्षारक्षकांना मारहाण, या आरोपांवरून जानेवारी २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८(३) नुसार दोन वर्षे वा अधिक शिक्षा झाल्यास सदस्यत्व जाते. अपिलासाठी मिळणारे तीन महिन्यांचे संरक्षण सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच रद्द केले आहे. महाराष्ट्रात सुनील केदार यांची आमदारकी डिसेंबर २०२३ मध्ये याच तरतुदीने गेली. भारती यांना मात्र मार्च २०२१ मध्ये तुरुंगात जावे लागल्यानंतर लगेचच उच्च न्यायालयाचा दिलासा मिळाला आणि ते आमदार राहिले.

लोकसभेच्या २०२४ मधील निवडणुकीत नवी दिल्लीतून त्यांचा पराभव केला तो बांसुरी स्वराज यांनी. त्याही वकीलच.

या साऱ्या कालपटावरून एक गोष्ट स्पष्ट होते. मतदार आणि न्यायालय यांची वेळापत्रके भिन्न असतात. कुंपणाच्या घटनेपासून पहिल्या निकालापर्यंत चार वर्षांहून अधिक काळ लोटला आणि त्या अवधीत मतदारांनी भारती यांना पुन्हा निवडून दिले. काम करणारा आमदार, ही प्रतिमा आरोपांना पुरून उरली. परंतु कार्यपद्धती ही कार्यक्षमतेतील अडसर मानली गेली, की तिची किंमत प्रथम दुर्बलांना मोजावी लागते. खिडकीतील त्या रात्री ते दुर्बल म्हणजे ज्यांना दिल्लीत मताचा अधिकारच नव्हता, अशा परदेशी स्त्रिया होत्या.