भामरागड ते नागपूर
तोंडातली जखम भरत नाही, तोंड पूर्ण उघडत नाही. गडचिरोलीत खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणाऱ्यांना ही लक्षणं परकी नाहीत. २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ अभियान तिथे तंबाखू-दारूविरुद्ध गावोगाव झटतंय, आणि ते हवंच. पण तोंडात कर्करोगाची गाठ आलीच तर? जिल्ह्यातल्या भामरागडहून उपचारासाठी नागपूर गाठायला अख्खा दिवस मोडतो. वाटेतल्या पर्लकोटा नदीला पूर आला की निघणंच होत नाही. शासकीय योजना शस्त्रक्रियेचा खर्च उचलते, सोबत्याची बुडालेली मजुरी कोण देणार? त्यात डॉक्टर मराठीत सांगतात, आणि फक्त माडिया भाषा जाणणारी आदिवासी आजीबाई नुसती मान डोलावते. (त्याला आपण संमती म्हणतो!) नव्या यंत्रांच्या घोषणा होत राहतील, आधी आशाताईंना तोंड तपासायला शिकवा, रेडिएशनचे आठवडे काढायला खोली द्या, माडिया बोलणारा माणूस द्या. या अंकातले लेख याच मागण्यांचा हिशेब मांडतात.