नितळ दिसलं म्हणून

माझे वडील इचलकरंजीत एका प्रोसेस हाऊसमध्ये कापड रंगवायच्या जिगर यंत्रावर कामाला होते. आई त्यांचा शर्ट वेगळा भिजवायची. चौथं पाणी अगदी नितळ निघायचं, तरी ते ती तुळशीला घालू द्यायची नाही.

पुढे मी रसायनशास्त्र शिकवलं, आणि एकच प्रयोग कितीदा पाहिला! मिथिलीन ब्लूचं निळं पाणी, त्यात डोप केलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडची चिमूटभर पूड, वर दिवा. दोन-तीन तासांत निळा रंग गायब, आणि प्रबंधात वाक्य: प्रदूषण दूर झालं. अशा प्रबंधांवर मीही सह्या केल्या आहेत. आता ते मला मान्य नाही.

डोपिंगची कल्पना अस्सल आहे. शुद्ध टायटॅनियम डायऑक्साइड अतिनील किरणांवरच चालतो, आणि उन्हात ते जेमतेम 4-5 टक्के. नायट्रोजनसारखे परके अणू त्यात पेरले की तो दृश्य प्रकाशही वापरू लागतो. जपानी संशोधकांनी 2001 मध्ये हे दाखवलं. पण मिथिलीन ब्लू स्वतःच दृश्य प्रकाश शोषतो, त्यामुळे काम पुडीनं केलं की रंगानंच, हे कळत नाही. शिवाय रंग जायला रेणूचा एक भाग मोडला तरी पुरतं. बाकीचे तुकडे पाण्यातच असतात. आणि डाईंगच्या सांडपाण्यात एकटा रंग कुठे असतो? मीठ असतं, सोडा असतो, कांजी असते. क्लोराइड आणि कार्बोनेट तर रंग मोडणारे मूलकच गिळून टाकतात.

अशाच पदार्थांनी प्रकाशात पाण्यापासून हायड्रोजन मिळवण्याचंही तेच. फुजिशिमा आणि होंडा या संशोधकांनी 1972 मध्ये प्रकाशानं पाणी फोडून दाखवलं. 2021 मध्ये डोमेन या संशोधकाच्या गटानं अ‍ॅल्युमिनियम डोप केलेल्या स्ट्रॉन्शियम टायटॅनेटचे 100 चौरस मीटर पॅनेल उन्हात चालवले. सूर्यऊर्जेतून हायड्रोजन मिळण्याची कमाल कार्यक्षमता निघाली 0.76 टक्के, आणि त्यांनी ती तशीच छापली. आपल्याकडचे कित्येक निबंध मात्र पाण्यात मिथेनॉल ओतून मिळालेला हायड्रोजन 'पाण्यापासून' मिळाल्यासारखा मांडतात.

मार्गदर्शकांना माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या विद्यार्थ्याला डाईंगच्या नाल्यावरून एक कॅन पाणी भरून आणायला सांगा. त्यातला एकूण सेंद्रिय कार्बन प्रयोगाआधी किती होता आणि नंतर किती उरला, हे दोन आकडे छापा. ते नसतील, तर सही करू नका.