"हलू नका" कोण म्हणतंय आणि किती वेळ?

चालू सर्व्हरचा बॅकअप घेणं म्हणजे गॅदरिंगचा ग्रुप फोटो काढणं. फोटोग्राफर "हलू नका" म्हणतो, सगळे क्षणभर पुतळे होतात, फोटो निघाला की पुन्हा गलका. फाइल सिस्टिमचं लिखाणही असंच क्षणभर थांबवावं लागतं, नाहीतर अर्धी जुनी, अर्धी नवी अशी प्रत हाती येते. पण "हलू नका" सांगून फोटोग्राफर चहाला गेला तर?

लिनक्समध्ये हे होऊ शकतं, आणि माझी तक्रार तीच आहे.

पॉझिक्स मानकात सिंक आणि एफसिंक आहेत. ते मेमरीतला मजकूर डिस्ककडे पाठवतात, पुढचं लिखाण मात्र थांबवत नाहीत. थांबवण्याची समान सोयच नाही, म्हणून ज्याने त्याने आपली वेगळी चूल मांडली. लिनक्सवर ही सोय आधी एक्सएफएसपुरती होती. २००९ च्या २.६.२९ कर्नलपासून इतर फाइल सिस्टिमनाही तीच आज्ञा चालू लागली. एफएसफ्रीझ हा प्रोग्रॅम तीच वापरतो. पण ती आज्ञा "किती वेळ?" असं विचारत नाही. गोठवणारा प्रोग्रॅम मध्येच मेला, तरी फाइल सिस्टिम गोठलेलीच राहते. लिहायला गेलेला प्रत्येक प्रोग्रॅम अडकतो, 'किल -९' लाही दाद देत नाही. गोठलेली फाइल सिस्टिम रूट असेल, तर सोडवायला लॉगिन करणंही अवघड, कारण लॉगिनची नोंदसुद्धा कुठेतरी लिहावीच लागते! कर्नलमध्ये यावर उतारा आहे: सिसआरक्यू आणि 'जे' या कळा दाबल्या की गोठलेलं सगळं जबरदस्तीने सुटतं. अशी कळ ठेवावी लागली, यातच काय ते आलं.

इतरांनी यावर विचार केलेला दिसतो. विंडोजची शॅडो कॉपी सेवा लिखाण जास्तीत जास्त १० सेकंद अडवते. फ्रीबीएसडीत गोठवणाऱ्या प्रोग्रॅमने उघडलेलं डिव्हाइस बंद झालं, मग तो मेल्यामुळे का असेना, की लिखाण आपोआप सुरू होतं. उद्या सगळ्यांसाठी एकच इंटरफेस करायचा झाला, तर माझ्या मते या दोन्ही गोष्टी ऐच्छिक नकोत, सक्तीच्या हव्यात.

यावर आक्षेप आहे, आणि तो पोकळ नाही. प्रत अर्धी झाली असताना मुदत संपली तर? फसवा बॅकअप हा बॅकअप नसण्यापेक्षा वाईट. खरंय. म्हणून लिखाण पुन्हा सुरू करायला सांगणाऱ्याला उत्तरात स्पष्ट कळलं पाहिजे की मुदत आधीच मोडली, प्रत फेकून दे. लिनक्ससाठी मुदतीची सोय सुचवली गेली होती, ती स्वीकारली गेली नाही. मला तो निर्णय पटत नाही.

आपलं मंडळ भाषेचं, म्हणून शब्दाबद्दलही बोलतो. 'फ्रीझ'ला आपण 'गोठवणं' म्हणतो. बँक खातं गोठवलं म्हणजे ते कधी सुटेल ते देव जाणे. मी 'रोखणं' सुचवेन. श्वास आपण रोखतो, तेव्हा सोडायचा आहे हे धरूनच.

डेटाबेसचा प्रश्न यातूनही उरतोच. फाइल सिस्टिम नीटनेटकी थांबली, तरी डेटाबेसचा व्यवहार अर्धवट असू शकतो. त्याला आधी निरोप गेला पाहिजे. विंडोजमध्ये तसा निरोप जातो. लिनक्सवर अजून ज्याची त्याची स्क्रिप्ट.