भिंतीतील संगणक आणि वर्गातील शिक्षक

माझी धाकटी बहीण बी.एड.च्या अंतिम वर्षात शिकत आहे. सुट्टीत ती दिल्लीला माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या सामानात पाठ टाचणांची जाडजूड वही होती. विज्ञानाच्या एका पाठाचे टाचण लिहिता लिहिता तिने मध्येच लेखणी खाली ठेवली आणि विचारले, ‘‘दादा, हाच पाठ मोबाइलवर माझ्यापेक्षा सुंदर चित्रांसह मिळतो. मग मी वर्गात उभी राहून नेमके काय करायचे?’’

हा प्रश्न आम्हा बँकवाल्यांना अपरिचित नाही. डॉ. सी. रंगराजन समितीने 1984 मध्ये बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयी शिफारशी केल्या, त्या काळात लेजरवर मान मोडून काम करणाऱ्या अनेकांच्या मनात तो होता, असे ज्येष्ठ सहकारी सांगतात. खतावणी यंत्र करणार, व्याजही यंत्रच काढणार. मग आपण कशासाठी? बहिणीला मी लगेच उत्तर दिले नाही. माझ्या रोजच्या वाटेवर कालकाजी लागते. तिथे घडलेली एक गोष्ट मात्र तिला सांगितली.

26 जानेवारी 1999 रोजी ‘एनआयआयटी’ या संस्थेतील शास्त्रज्ञ डॉ. सुगत मित्रा यांनी कालकाजी येथील कार्यालयाच्या भिंतीला एक भोक पाडून त्यात इंटरनेटची जोडणी असलेला संगणक बसविला. भिंतीपलीकडे झोपडवस्ती होती. तेथील मुलांना इंग्रजी येत नव्हते आणि शिकविणारेही कोणी नव्हते. तरीही एकमेकांचे पाहून ती मुले संगणक हाताळू लागली. हा प्रयोग जगभर गाजला. विकास स्वरूप यांना ‘क्यू अँड ए’ या कादंबरीची प्रेरणा त्यातून मिळाली आणि पुढे त्या कादंबरीवरून ‘स्लमडॉग मिलियनेअर’ हा चित्रपट निघाला. 2013 मध्ये डॉ. मित्रा यांना दहा लाख डॉलरचे ‘टेड’ पारितोषिकही लाभले. शिक्षकाविना शिक्षण शक्य आहे, असा अर्थ अनेकांनी या प्रयोगातून काढला.

परंतु ताळेबंदाला दुसरी बाजू असते. दिल्लीतील वस्त्यांमधील अशा संगणक केंद्रांचे निरीक्षण करून अमेरिकी अभ्यासक मार्क वॉरशॉअर यांनी लिहिले, की मुलांचा बराचसा वेळ चित्रे रंगविण्यात आणि खेळांत जात असे, त्यांच्या भाषेतील मजकूर फारसा नव्हता आणि येणाऱ्यांत मुलगेच अधिक होते. भिंतीतले दार सर्वांसाठी उघडे होते हे खरे. पण जिच्या कडेवर धाकटा भाऊ आहे, त्या मुलीला हात धरून तिथे नेणारे कोणी नव्हते. यंत्र कोणाला अडवीत नाही, तसे ते कोणाला बोलावीतही नाही.

डॉ. मित्रा यांचा पुढील अनुभव तर अधिकच बोलका आहे. दक्षिणेतील कालिकुप्पम या गावी मुलांनी संगणकावर स्वतःहून जैवतंत्रज्ञानाचे काही धडे गिरविले. पण त्यांचे गुण आणखी वाढले ते एका तरुणीने आपुलकीने पाठीशी उभे राहून ‘वा! हे कसे जमले तुम्हाला?’ अशा धर्तीचे कौतुक सुरू केल्यानंतर. तो विषय तिला स्वतःला येत नव्हता. म्हणजे शिक्षकाविना शिक्षणाच्या प्रयोगातही शेवटी माणूस लागलाच. मग ज्याला विषयही येतो आणि मूलही कळते, अशा प्रशिक्षित शिक्षकाचे मोल किती असेल!

उलट दिशेचे उदाहरण आपल्या सोलापूर जिल्ह्यातील आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना दिसले, की मुलांची घरची भाषा कन्नड आणि पुस्तके वेगळ्याच भाषेत. ते आधी कन्नड शिकले, त्यांनी पुस्तकांचे भाषांतर केले आणि मग त्यांत क्यूआर कोड घातले, जेणेकरून मुलांना कविता, दृक्श्राव्य पाठ आणि गोष्टी ऐकता-पाहता याव्यात. 2020 मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. येथे क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे : आधी मूल, मग अडचण आणि सर्वांत शेवटी यंत्र. अनेक ठिकाणी आपण हा क्रम उलटा करतो. यंत्र आधी विकत घेतो आणि त्याला काम मागाहून शोधतो.

ज्या शाळेत विषयाला शिक्षकच नाही तिथे पडद्यावरचा पाठ काय वाईट, असे कोणी म्हणेल. वाईट नाहीच. दिल्लीतील शाळांत 1961 पासून दूरदर्शन संचावर पाठ दाखविले जाऊ लागले, तेही शास्त्रविषयांचे चांगले अध्यापक आणि प्रयोगशाळा पुरेशा नव्हत्या म्हणूनच. मात्र तात्पुरत्या सोयीला कायमची व्यवस्था समजू नये. 2020 मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा घरात एकच मोबाइल आणि शिकणारी भावंडे दोन-तीन, हे चित्र आपण सर्वांनी पाहिले. त्या वेळी कोणाचा पाठ बुडाला, हे यंत्राने ठरविले नाही, ते घरच्या परिस्थितीने ठरविले.

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला एक साधा हिशेब दिसतो. संगणक ही मालमत्ता आहे आणि तिच्यावर दरवर्षी घसारा आकारावा लागतो. शिक्षकाचा अनुभव मात्र वर्षागणिक वाढतो, तरी तो कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. म्हणूनच खरेदीची रक्कम आपण सहज मंजूर करतो आणि प्रशिक्षणाच्या खर्चाला कात्री लावतो. माझे मत असे, की शाळेने यंत्रावर रुपया खर्च करण्यापूर्वी ते वापरणाऱ्या शिक्षकाच्या तयारीसाठी किती पैसे आणि किती तास राखून ठेवले, हे विचारावे. ज्यांच्या घरी साधन नाही, त्यांना ते शाळेच्या वेळातच मिळावे. आणि यंत्रामुळे शिक्षकाचा वाचलेला वेळ नव्या तक्त्यांत माहिती भरण्यात न जाता मुलांकडे वळावा.

बँकेतही हेच घडले. खतावणी गेली, पण माणूस गेला नाही. पासबुक आता यंत्र छापते; परंतु मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला आलेला बाप समोरच्या खुर्चीत अवघडून बसतो, तेव्हा त्याची अडचण ओळखणे हे आजही अधिकाऱ्याचेच काम आहे.

बहीण परत निघाली, तेव्हा मी तिचे टाचण पुन्हा पाहिले. चित्रफितीसाठी तिने सात मिनिटे राखली होती. त्याखाली नवी ओळ होती : ‘‘चित्रफीत थांबवून मागच्या बाकांवरील मुलींना प्रश्न विचारणे.’’ तिच्या प्रश्नाचे उत्तर तिनेच लिहिले होते.