पहिले ७२ तास

लैंगिक अत्याचारानंतर शरीराचे पुढचे नुकसान टाळण्यासाठी डॉक्टरांच्या हाती फार थोडा वेळ असतो. एचआयव्ही रोखणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि पुढे २८ दिवस रोज घ्यावी लागतात. गर्भधारणा टाळणारी तातडीची गोळी जितकी लवकर घ्यावी तितकी गुणकारी. हिपॅटायटिस बीची लस आणि लैंगिक संसर्गावरची प्रतिजैविके यांनाही उशीर परवडत नाही. कॉलेजच्या वसतिगृहातल्या मुलीचे हेच तीन दिवस बहुतेक वेळा एका भीतीत जातात: घरी कळले तर शिक्षण सुटेल.

धीर करून ती रुग्णालयात पोहोचली, तर कॅज्युअल्टीच्या टेबलावर विचारले जाते, ‘पोलिसांचं पत्र आणलंय का?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. २०१३ पासून सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयाने अशा रुग्णावर तात्काळ आणि मोफत उपचार करणे कायद्याने बंधनकारक आहे. आज ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ मध्ये आहे, आणि उपचार नाकारणाऱ्या रुग्णालयाच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. रुग्णालय पोलिसांना कळवते. पण तक्रार द्यायची की नाही हे १८ वर्षांवरील मुलीने ठरवायचे असते. तिची इच्छा नसेल तर तसा नकार कागदावर नोंदवायचा, उपचार थांबवायचे नाहीत.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत तपासणीची रीत सविस्तर दिली आहे. प्रत्येक टप्प्यावर संमती घ्यायची. शरीरावरचे नमुने ९६ तासांपर्यंत घेता येतात. घटनेच्या वेळचे कपडे धुवू नयेत; प्लॅस्टिकमध्ये ते दमट राहून पुरावा नासतो, म्हणून कागदी पिशवीत ठेवावेत. पण आंघोळ झाली, कपडे धुतले गेले, म्हणून सारे संपले असे मुळीच नाही. उपचारांचा हक्क तसाच राहतो. अंगावर जखम नाही याचा अर्थ संमती होती, असाही होत नाही. भीतीने शरीर जागच्या जागी थिजते. योनीत दोन बोटे घालून केली जाणारी ‘टू फिंगर टेस्ट’ तर या सूचनांनी बाद ठरवलीच होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती करणे हे गैरवर्तन असल्याचे स्पष्ट केले.

महाराष्ट्रात अकरावी-बारावीही कॉलेजातच भरते. ही मुले-मुली बहुतांशी १८ वर्षांखालची, म्हणून त्यांना बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा लागू होतो आणि घटना कळवणे सक्तीचे ठरते. सज्ञान मुलग्यांसाठी मात्र बलात्काराच्या व्याख्येत आजही जागा नाही. ही कायद्यातली मोठी उणीव आहे. औषधांची गरज त्यांनाही तितकीच असते.

मनावरचा घाव हजेरीपटावर आधी दिसतो. झोप उडते, तास बुडतात, विषय राहतात आणि घरचे त्याला आळस म्हणतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार चौकशी चालू असताना कॉलेजची अंतर्गत तक्रार समिती पीडित विद्यार्थिनीला तीन महिन्यांपर्यंत रजा देण्याची शिफारस करू शकते. हे फार थोड्या जणींना ठाऊक असते.

प्राचार्यांनी आणि रेक्टरांनी एवढे करावे: जवळचे रुग्णालय, महिला हेल्पलाइन १८१, मानसिक आधारासाठी टेलिमानसचा १४४१६ आणि ‘७२ तास’ हे शब्द ठळक लिहून तो कागद वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्यावर, सत्र सुरू होण्यापूर्वी लावावा.